हे भोक कोनं पाडलं?

दिवा दुरुस्त करायला आलेला वायरमन पंचविशीचा असेल. माझ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, अमरावतीच्या घरात मी चार दिवस आवरासावर करायला गेले होते. घर पाडायला द्यायचं होतं, महिन्याभरात जागा रिकामी करून हवी होती. वहिनीनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ताई, तो दिवा तुम्हीच न्या. या धांदलीत माझ्या हातून फुटला तर मला जन्मभर ऐकावं लागेल." न्यायचाच आहे तर चालू करून न्यावा, म्हणून बुधवाऱ्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून या पोराला बोलावलं. त्यानं सतरंजीवर दिवा आडवा केला, वरची पितळी टोपी फिरवून काढली, सुती वेष्टणाची जुनी वायर ओढली. आतलं रबर कडक होऊन त्याचा चुरा झाला होता, तो सतरंजीवर काळ्या मोहरीसारखा सांडला. मग त्यानं दिवा उलटा करून बुडाशी डोळा नेला आणि आरपार माझ्याकडे बघत विचारलं, "ताई, हे भोक कोनं पाडलं जी?"

मी म्हटलं, वायर जायला असेल. तो म्हणाला, "वायर तं वरूनच काढता आली असती ना. टोपीच्या बाजूनं. मातीच्या भांड्याले कोनी खालून भोक पाडते का? फुटलं असतं तं?" टोपीच्या कडेला त्यानं बोटानं जागा दाखवली. खरंच, तिथून वायर सहज निघाली असती. मी काहीच बोलले नाही. त्यानं नवीन वायर त्याच भोकातून वर घेतली, नवा होल्डर बसवला, पिवळ्या उजेडाचा एलईडी लावून दाखवला, दीडशे रुपये घेतले आणि गेला. पुण्याला येणाऱ्या गाडीत रात्रभर गोधडीत गुंडाळलेला दिवा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंना वाटलं, बाळ आहे. त्यांनी पंखा कमी करायला सांगितला. मला झोप नव्हतीच. डोक्यात तेच एक वाक्य. कोनं पाडलं?

पन्नास वर्षं तो दिवा मी पाहतेय आणि त्याला भोक आहे हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे डोळ्यांना माहीत असणार. वायर कुठून तरी येते, इतकं तर पोरांनाही कळतं. पण ते भोक कुणीतरी, एका ठराविक दिवशी, मुद्दाम पाडलं असेल, असा विचार कधी मनात आला नव्हता. आमच्यासाठी तो दिवा तसाच जन्मला होता.

आधी दिवा कसा आहे ते सांगायला हवं. वीतभर आणखी चार बोटं उंच, पोट सुटलेलं, मान बारीक. माती सायीच्या रंगाची, ताज्या सायीच्या नव्हे, दुसऱ्या दिवशीच्या. सगळ्या अंगावर केसाएवढ्या बारीक चिरांचं जाळं. लहानपणी वाटायचं हात लावला की तुकडे होतील. या सायीवर गोल फिरून आठ माणसं रंगवलेली. सात म्हातारे आणि एक बाई. म्हाताऱ्यांच्या भुवया लांब, कपाळावर आठ्या, कानाच्या पाळ्या खांद्याला टेकलेल्या. एकाच्या हातात काठी, एकाच्या कुशीत कुत्र्यासारखं काहीतरी, एक नुसताच हसतोय. सगळ्यांच्या डोक्यामागे सोन्याचं वर्तुळ. बाई पांढऱ्या वस्त्रातली, डोळे अर्धे मिटलेले. उरलेली जागा रंगवणाऱ्याला रिकामी बघवली नसावी. तिथं सोन्याचे ठिपके, मोहरीएवढे, बोटाला लागतील असे उठावाचे. आंधळ्या माणसालाही हात फिरवून कुठं कोण बसलंय ते सांगता येईल.

आजी म्हणायची, हे सप्तर्षी आणि ही अरुंधती. तिच्या लेखी त्यात शंकेला जागाच नव्हती. सात पुरुष, एक बाई, डोक्यामागे तेज. आणखी कोण असणार? ऋषिपंचमीला पाटावर आठ सुपाऱ्या मांडायची आणि शेजारी चौरंगावर हा दिवा. दिव्याची पूजा नव्हे, पण त्याला बोलावलेलं असायचं. हळदकुंकू लावत नसे, चिरांमध्ये रंग शिरतो म्हणून. नुसती अक्षता उचलून त्याच्या दिशेनं टाकायची. ऋषीच्या भाजीचा वास, अळू-भेंडी-दोडक्याचा तो बिनफोडणीचा गिळगिळीत वास, अजून आला की मला त्या म्हाताऱ्यांच्या भुवया दिसतात. मी एकदा विचारलं होतं की यातला वसिष्ठ कुठला. आजीनं अरुंधतीच्या उजवीकडच्या हसऱ्यावर बोट ठेवलं. "हा. बायकोशेजारी बसून हसतोय तो."

रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती तो पदरानं पुसायची. त्यामुळे ज्या बाजूनं तिचा हात फिरायचा त्या बाजूच्या तीन ऋषींची प्रभावळ पुसट झालीय, सोनं जाऊन खाली तांबूस रेघ उरलीय. भिंतीकडच्या चौघांचं सोनं अजून शाबूत आहे. हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, काही ऋषी कमी तपश्चर्येचे.

पुण्यात आल्यावर पहिलं काम केलं ते दिवा उलटा करून भिंगातून बघण्याचं. बुडाला कडेनं चार काळ्या लाकडी चकत्या लाखेनं चिकटवलेल्या होत्या, त्यांतल्या तीनच शिल्लक. चौथीच्या जागी लाखेचा तपकिरी डाग. मधोमध ते भोक, करंगळी जाईल एवढं, कडा आश्चर्य वाटावं इतकी स्वच्छ. एक टवका उडालेला नाही. आणि भोकाभोवती सोन्याच्या रंगात काहीतरी काढलेलं. एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या आतून मध्याकडे येणाऱ्या चार आखूड रेघा, भोकाशी येऊन तुटलेल्या. त्याखाली उभ्या ओळीत दोन-तीन चिनी वाटावी अशी अक्षरं, त्यांतलं वरचं अर्धं कापलेलं. चार रेघा मनातल्या मनात जोडल्या की अधिक चिन्ह तयार होतं. वर्तुळात अधिक चिन्ह. भोक बरोबर त्याच्या पोटात पाडलेलं.

ते चिन्ह शोधायला फार वेळ लागला नाही. शिमाझु घराण्याचं ते राजचिन्ह. जपानच्या दक्षिण टोकाला, क्यूशू बेटावर सात्सुमा नावाचा प्रांत होता, त्याचे हे सरदार. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपाननं कोरियावर स्वारी केली, तिथून परतताना, १५९८ साली, हे सरदार कोरियन कुंभारांना पकडून आपल्या मुलखात घेऊन आले. सायीच्या रंगाच्या, चिरांच्या झिलईच्या भांड्यांची परंपरा त्या परक्या हातांतून सुरू झाली. पुढं १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सात्सुमानं आपलं वेगळं दालन मांडलं, १८७३ ला व्हिएन्नाचं प्रदर्शन झालं, आणि युरोप-अमेरिकेतल्या बायांना या सोनेरी भांड्यांचं असं वेड लागलं की क्योटो, ओसाका, योकोहामा इथल्या कारखान्यांतून ती शेकड्यानं रंगवली जाऊ लागली. सगळ्यांना नाव 'सात्सुमा'च, आणि बुडाला शिमाझुंचं चिन्ह, त्या घराण्याशी काडीचा संबंध नसला तरी. आपल्याकडे कुठल्याही गावचा आंबा पेटीत बसला की हापूस होतो, तसं. तेव्हा सरदारांच्या चिन्हानं मी हुरळून जायचं कारण नव्हतं. आमचा दिवा, म्हणजे आमचं भांडं, बाजाराचं आहे. निर्यातीचा माल.

भांडं म्हणायचं, कारण तो दिवा नव्हताच. फुलदाणी होती.

चिरांचंही कोडं सुटलं. झिलई आणि तिच्या खालची माती भट्टीतून निघून थंड होताना सारख्या आवळत नाहीत. झिलई जास्त आवळते, ताण सोसेना झाला की तिला जाळं पडतं. बाकीच्या कुंभारांना हा दोष वाटेल; इथं तो मुद्दाम आणतात. मग त्यावर रंग भरायचे, पुन्हा मंद भट्टी, पुन्हा रंग, पुन्हा भट्टी, आणि सोनं शेवटी, सगळ्यांत कमी आचेवर. म्हणून सोनंच आधी जातं. ते झिलईच्या आत नसतं, वर बसलेलं असतं, पाहुण्यासारखं. आजीचा पदर रोज फिरत होता आणि पाहुणा रोज थोडा थोडा उठून जात होता.

आणि ते सप्तर्षी? ते राकान निघाले. बुद्धाचे मुक्त झालेले शिष्य. जपानी चित्रांत ते बहुतेक सोळाच्या संचात असतात, भांड्यावर जागा असेल तितके बसवतात. लांब भुवया, लोंबत्या पाळ्या, कुणाशेजारी वाघ, कुणाच्या हातात घंटा. आमच्या ऋषीच्या कुशीतलं ते कुत्रं नसून बहुधा वाघाचं पिल्लू असावं. राकान हा शब्द कुठून आला ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. अर्हत्. त्याचं चिनी तोंडात झालं अलोहान, जपानीत अराकान, मग पुढचा अ झडून राकान. मधली बाई कान्नोन. ती मुळात बाईच नव्हे, अवलोकितेश्वर. चीनमध्ये गेल्यावर त्याची हळूहळू स्त्री झाली, आणि जपानपर्यंत हे रूप पोचलं.

सातवीत शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. एक नंबरच्या लेण्यात अंधारात काहीच दिसत नव्हतं. बाहेर एक माणूस पत्रा धरून उभा होता, त्यानं पत्रा जरा कलता केला आणि उन्हाचा एक चौकोन आत येऊन भिंतीवर थरथरला, आणि त्या चौकोनात पद्मपाणी. अर्धे मिटलेले डोळे. मी तेव्हा बाजूच्या मैत्रिणीला म्हटलं होतं, "अगं, ही आमच्या दिव्यावर आहे." बाईंनी मला दटावलं की ही नव्हे, हा. पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर हे मला तेव्हा कुठलं माहीत असायला. म्हणजे चुकले होते तेही, आणि नव्हतेही. आजीही तशीच.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून मी फोटो पाठवले, मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंचं दुकान असलेल्या एका गृहस्थांना. फार सभ्य माणूस. पोटाचे फोटो बघून त्यांनी लिहिलं, काम चांगलं आहे, चेहरे हातानं काढलेत, छाप नाही. मग बुडाचा फोटो मागितला. तो पाठवल्यावर बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला. "मॅडम, होल आहे. होल असला की निम्म्याच्याही खाली येतं. आणि मार्कमधूनच केलंय. कुणी केलं हो हे?"

पुन्हा तोच प्रश्न. विकायचा नव्हताच मला, खरंच नव्हता. तरी फोन ठेवल्यावर मला ज्यानं कुणी ते भोक पाडलं त्याचा राग आला. न विकायच्या वस्तूची किंमत कमी झाल्याचा राग. स्वतःचीच लाज वाटली आणि राग काही गेला नाही. हातभर अंतरावरून वायर काढता आली असती, तिथं कुणीतरी सरदारांच्या खुणेतून बरमा घातला.

आमच्या घरात या दिव्याची एक गोष्ट होती. 'आजोबांना साहेबानं दिला.' एवढीच. आजोबा जिनात कारकून होते. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी: जिन म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना, दसऱ्यानंतर सुरू होणार आणि उन्हाळ्यात थंडावणार, हवेत सदा तरंगणारं पांढरं कुसळ, आणि तिथं काम करणाऱ्या माणसांचा खोकला. आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले, पण बाबा सांगायचे की त्यांना झोपेतसुद्धा गाठींचा हिशोब यायचा. ३९२ पौंडांची गाठ, दोन गाठींची खंडी. मी साहेब म्हटला की गोरा, हॅट घातलेला, मिशीवाला इंग्रज डोळ्यांपुढे आणायची. दिवाही अर्थात विलायती. लहानपणी मैत्रिणींना मी 'लंडनचा' म्हणून दाखवलाय. उभ्या जपानी अक्षरांवर बसलेला दिवा.

आता मात्र साहेबाचा चेहरा बदलायला लागला. आमच्या भागातल्या आखूड धाग्याच्या कापसाला व्यापारी 'ऊमरा' म्हणत, उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीच. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना हा आखूड धागा फारसा नको असे. तो हवा असे जपानला. तिथले गिरणीवाले वेगवेगळ्या जातींचा कापूस मिसळून सूत काढण्यात पटाईत. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्यानं मुंबई ते कोबे अशी थेट बोटसेवा सुरू झाली, ती मुख्यतः या कापसासाठीच. पुढं पुढं हिंदुस्थानच्या कच्च्या कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जपानच झालं, आणि जपानी कंपन्यांची माणसं हंगामात थेट कापसाच्या मुलखात उतरून खरेदी करू लागली. गाठी बडनेऱ्याहून रेल्वेनं मुंबईला आणि तिथून बोटीनं कोबेला. येताना त्याच बोटींतून आगपेट्या, रेशीम, बाहुल्या, चिनी मातीची भांडी. तेव्हा 'जपानी' म्हणजे स्वस्त आणि आठवड्यात मोडणारं. पुढे आमच्या लहानपणी तोच शब्द ट्रान्झिस्टर आणि घड्याळामुळे एकदम इज्जतदार झाला, ते वेगळं.

बाबांच्या बोलण्यात 'बंदीचा हंगाम' असे शब्द यायचे, आजोबांकडून ऐकलेले. मला वाटे गांधींची बंदी असेल कसली तरी. ती ही असणार: १९३३ साली सरकारनं परदेशी कापडावरची, म्हणजे बिलायती सोडून बाकीच्या कापडावरची जकात पंचाहत्तर टक्क्यांवर नेली, तेव्हा चिडून जपानी गिरण्यांनी हिंदी कापूस घेणंच थांबवलं. १९३४ च्या जानेवारीत समझोता झाला, तुम्ही इतका कापूस घ्या, आम्ही इतकं कापड येऊ देऊ. मधल्या महिन्यांत वऱ्हाडात कापसाचं काय झालं असेल आणि जिनातल्या कारकुनाच्या पगाराचं काय, याचा अंदाज करायला अर्थशास्त्र लागत नाही. त्यानंतर साहेब परत आला आणि येताना भांडं घेऊन आला, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुरावा काही नाही. पण बरं वाटतं.

मग माझ्या डोक्यात ती दुसरी कल्पना शिरली, आणि ती इतकी देखणी होती की तिला बाहेर काढणं अवघड गेलं. डिसेंबर १९४१. जपान युद्धात उतरतो. हिंदुस्थानातल्या जपानी माणसांना, व्यापाऱ्यांना, त्यांच्या बायकामुलांना सरकार उचलतं, दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात तंबू ठोकून ठेवतं, नंतर राजस्थानात देवळीच्या छावणीत. आमचा साहेब तिथं. इकडे अमरावतीत, परकोटाच्या आत, एक कारकून आपल्या घरातल्या शत्रूच्या भांड्याकडे बघतोय. बुडाला शत्रूची अक्षरं. एखादा शेजारी चहाडी करेल. आणि तो बरमा घेऊन रातोरात ती खूण मिटवतो. काय गोष्ट आहे! मी ती आधी भाच्याला सांगितली, त्यानं ती घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर सविस्तर लिहिली, हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. अमेरिकेतल्या चुलतभावानं लिहिलं, "गूजबंप्स."

पण खूण मिटवायला नखानं खरवडलं असतं तरी सोनं गेलं असतं. भोक कशाला? आणि अक्षरं तर निम्म्याहून जास्त तशीच आहेत. त्या वायरमन पोरानं एका मिनिटात पाहिलं असतं ते मला आठवडाभर बघायचं नव्हतं.

आत्या नागपूरला असते, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोनवर तिच्याशी बोलणं म्हणजे सगळ्या सोसायटीशी बोलणं. गटावरची गोष्ट तिला तिच्या नातवानं वाचून दाखवली होती. मी फोन केला तर तीच आधी सुरू झाली.

"काय गं, काय लिहिलंस ते? कशाचं युद्ध? ते भोक वीज आली तेव्हाचं. मी होते ना तिथं."

तिच्या म्हणण्याप्रमाणे, गांधीजी गेले त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षी घरात वीज आली. ती बारा वर्षांची असेल. तोवर त्या भांड्यात मोरपिसं असायची. घरात एक बल्ब ओसरीवर, एक स्वयंपाकघरात. तिसरा कशाला, तर आजोबांना रात्री वाचायला. टेबलावरचा दिवा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून भांड्याचा दिवा करायचं ठरलं. मिस्त्री म्हणाला, तोंडावर टोपी बसवतो आणि वायर बाजूनं खाली सोडतो. झालंच होतं काम. तर आजी आडवी आली. वायर सोडणार ती कुठल्या बाजूनं?

"मागून," मिस्त्री म्हणाला.

"याला पाठ कुठे आहे?" आजी म्हणाली. "सगळीकडे कुणीतरी बसलेलं आहे. कुणाच्या तोंडावरून नेणार?"

मी फोन कानाशी धरून दिवा फिरवून बघितला. खरंच, पाठ नाही. आठ जण इतके दाटीनं बसलेत की एका सरळ रेघेला जागा नाही. कुठूनही वायर सोडली तरी ती कुणाच्या तरी नाकावरून जाणार. रंगवणाऱ्याला रिकामी जागा बघवली नव्हती, हे मी आधी किंचित हसून लिहिलंय.

मग जवाहर गेटजवळ एक चष्म्याच्या काचा घासणारा बसायचा, तो तयार झाला. बरमा नव्हे. तांब्याची नळी, कुरुंदाची पूड आणि पाणी. नळीच्या टोकाला धार नसते. ती फिरत राहते आणि तिच्याखाली सापडलेली पूड मातीला खात जाते. धनुष्यासारख्या दोरीनं नळी पुढे-मागे फिरवायची. भांडं उलटं करून गव्हाच्या परातीत रोवलेलं, हलू नये म्हणून. पाणी थांबलं की तापून तडकेल, म्हणून सतत थेंब थेंब पाणी. ते काम आत्याकडे होतं. तीन दिवस, शाळेतून आल्यावर, पूजेच्या पळीनं. "भाकरीच्या पिठासारखा राड निघायचा," ती म्हणाली. "पांढरा. आणि आवाज असा की दात शिवशिवायचे. आई तिन्ही दिवस समोर बसून होती, हातात जपमाळ. आरपार झालं तेव्हा तो चष्मेवाला स्वतःच रडायच्या बेताला आलेला, सुटलो म्हणून."

"आणि ती खूण? सोन्याची?"

"कसली खूण?"

"बुडाला होती ना. वर्तुळ. अक्षरं."

"बुडाला कोण बघतं गं," आत्या म्हणाली.

मग ती दुसरंच बोलायला लागली, गुडघ्यांचं. मी हो हो म्हणत होते. मध्येच थांबून म्हणाली, "आणि त्याच्यापायी कॅरम वाया गेला. बुडातून वायर काढली तर भांडं वायरवर डुगडुगायला लागलं. खाली पाय हवेत ना. आईनं दादाच्या कॅरममधल्या चार सोंगट्या घेतल्या आणि लाखेनं चिकटवल्या. दादा चार दिवस जेवला नाही नीट." आत्याचा दादा म्हणजे माझे बाबा.

आमच्या घरातल्या कॅरमला काळ्या सोंगट्या पाचच होत्या. पांढऱ्या नऊ, लाल एक, काळ्या पाच, आणि चार काळी बटणं, कुठल्याशा जुन्या कोटाची, चार-चार भोकांची. स्ट्रायकर लागला की बटण सरळ न जाता गिरकी घेऊन भलतीकडे जायचं. म्हणून आमच्यात नियम होता, बटणवाल्याला एक वेळा जास्त मारायला मिळेल. बाबांना तो नियम मान्य नव्हता. ते म्हणायचे, मी तसाच खेळत आलोय. मी आणि दादा सगळं लहानपण त्या बटणांशी भांडत होतो आणि बारा पावलांवर त्या दिव्याच्या उजेडात आमचा अभ्यास व्हायचा. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की दिव्याशेजारीच मेणबत्ती लावायची, आणि खालून आलेल्या त्या हलत्या उजेडात वसिष्ठ आणखीच हसायचा.

व्हॉट्सॲप गटावर मी अजून दुरुस्ती लिहिलेली नाही. लिहायला घेतली दोनदा. 'खूण मिटवली नाही, वायर लपवली' असं लिहिलं की ते फारच किरकोळ दिसतं. मटन स्ट्रीटवाल्या गृहस्थांना मात्र कळवलं, का ते माहीत नाही. त्यांनी लिहिलं, "अच्छा. लेडीजचं काम." मग थोड्या वेळानं, "काम मात्र साफ केलंय."

परवा दादाला फोन करून विचारलं, कॅरम कुठाय? बोर्ड भंगारात गेला होता. सोंगट्यांचा डबा वहिनीनं ठेवला होता, आत खडू-बिडू असेल म्हणून. काल कुरिअरनं आला. बोर्नव्हिटाचा जुना डबा, उघडल्यावर बोरिक पावडरचा वास. पाच काळ्या सोंगट्या आणि चार बटणं, सगळं जागच्या जागी.

दिव्याला चौथा पाय लावायचा होता. सोंगटी हातात घेतली, पुन्हा डब्यात टाकली आणि बटण काढलं. बटण सोंगटीपेक्षा पातळ आहे. फेव्हिक्विकनं चिकटवून दिवा टेबलावर ठेवला तर तो त्या कोपऱ्याकडे जरासा झुकला. कागदाची घडी सरकवता येईल एवढाच. मी ती सरकवलेली नाही. टेबलाला हात लागला की दिवा किंचित हलतो, आणि पिवळा उजेड भिंतीवर थरथरतो.